पेडणे शहर आणि त्याची नगरपालिका

पेडणे हे गोव्याच्या उत्तरेकडील शेवटच्या तालुक्याचे मुख्य ठाणे. उत्तरेला तेरेखोल नदी, दक्षिणेला शापोरा नदी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी व दोडामार्ग तालुक्यांची हद्द, अशा चौकटीत पेडणे तालुका बसला आहे. शहर या चौकटीच्या आत, नदीपासून दूर आणि समुद्रापासूनही दूर, टेकड्यांच्या मधल्या खोलगटात वसले आहे. गोव्यातील जुनी गावे बहुधा नदीकाठच्या बंदरावर वाढली. पेडणे वाढले ते देवळाभोवती, वाड्याभोवती आणि कचेरीभोवती.

आकाराने ते राज्यातील अगदी लहान शहरांपैकी एक आहे. २००१ च्या जनगणनेत पालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,२८७ भरली आणि २०११ सालीही ती पाच हजारांच्या आसपासच राहिली. त्याच जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या पाऊण लाखाच्या घरात होती. मांद्रे आणि मोरजी ही किनाऱ्यावरची ग्रामपंचायतींची गावे माणसांच्या संख्येने पेडणे शहरापेक्षा मोठी आहेत. तरीही त्यांना कोणी शहर म्हणत नाही, आणि पेडण्याला शहर म्हणताना कोणाला अवघड वाटत नाही. पेडण्याचे शहरपण तिथे राहणाऱ्यांच्या संख्येवर ठरत नाही, तिथे येणाऱ्यांच्या संख्येवर ठरते. ही संख्या दर गुरुवारी डोळ्यांना दिसते.

गुरुवार हा पेडण्याचा बाजारवार. म्हापशाचा शुक्रवार, डिचोलीचा बुधवार तसा पेडण्याचा गुरुवार. पहाटेच्या बसगाड्यांतून पूर्वेकडील हणखणे, इब्रामपूर, चांदेल, कासारवर्णे या गावांतल्या बाया टोपल्या घेऊन उतरतात. पश्चिमेकडून हरमल, पालये, केरीचा माल येतो आणि सीमेपलीकडून सातार्डा-बांद्याचे विक्रेते येतात. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरला की दुकान झाले. तांबडी भाजी, अळू, मुळा, गावठी केळी, आमसुले, नारळ, आणि हंगामात ओले काजूगर. हरमलच्या मिरचीला स्वतंत्र गिऱ्हाईक असते. जाणकार बाई मिरची उचलून नाकाशी धरते, देठ बघते आणि मगच भाव विचारते. पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंताची खरेदी सुरू होते. चार महिने पुरेल इतके सुके मासे, मीठ, मिरची, कांदे घरात भरून ठेवायची ही रीत दुकानांतून बारमाही सगळे मिळू लागल्यावरही पूर्ण मोडलेली नाही.

वर्षातला सर्वांत मोठा बाजार चतुर्थीच्या आधीचा. गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी कांगले, हरणे, कवंडळे, आंबाडे, सुपारीची शिपटी अशी रानातली फळे आणि वेली विकायला येतात. यातला बराच माल पूर्व भागातल्या डोंगरउतारांवरून आलेला असतो. विकणाऱ्यांचे हे काम वर्षातून तीन-चार दिवसांचेच, पण कोणते फळ कोणत्या रानात कधी पिकते याची माहिती त्यांच्याजवळ वर्षभर असते. शहरातल्या घराला माटोळी सजवायची तर खेड्यातल्या या माहितीवाचून चालत नाही.

या बाजाराशी पालिकेचा जो रोजचा, हातोहात संबंध येतो तो सोपोच्या रूपाने. सोपो म्हणजे बाजारात बसणाऱ्याकडून जागेसाठी घेतला जाणारा कर. हा शब्द पोर्तुगीज काळापासून चालत आला आणि आजही सरकारी ठरावापासून भाजीवालीच्या तोंडापर्यंत तोच चालतो. सोपो वसुलीचा ठेका पावणी, म्हणजे लिलाव, करून देण्याची रीत गोव्यातल्या पालिकांत रुळलेली आहे. पावती फाडणारा माणूस टोपलीचा आकार आणि अंथरलेल्या गोणपाटाची लांबी बघून रक्कम सांगतो, आणि तिथेच घासाघीस होते. शहरातल्या रहिवाशांकडून घरपट्टी येते, दुकानांकडून परवाना शुल्क येते. सोपो मात्र मुख्यतः पालिकेच्या हद्दीबाहेरचे लोक देतात. ज्यांना या पालिकेत मतदानाचा हक्क नाही, त्यांचा पैसा तिच्या तिजोरीत दर आठवड्याला पडतो. त्या बदल्यात त्यांना पाणी, स्वच्छतागृह, सावली आणि टोपली ठेवायला चिखलाविना जागा हवी असते. पालिकेच्या कारभाराची परीक्षा बाजाराच्या दिवशी होते असे म्हटले तर चूक ठरणार नाही.

पेडण्याचा इतिहास सावंतवाडीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी तिसवाडी, बारदेश आणि साष्टी घेतली तेव्हा शापोरा नदी ही त्यांच्या राज्याची उत्तर सीमा झाली. नदीपलीकडचा पेडणे महाल आधी आदिलशाहीत आणि नंतर वाडीकर सावंत भोसल्यांकडे होता. पूर्व भागातील इब्रामपूरचे नाव त्या आदिलशाही काळाची आठवण करून देते. अठराव्या शतकाच्या मध्यावर पोर्तुगिजांनी नदी ओलांडण्याचा जोरदार प्रयत्न केला. १७४६ साली व्हाइसरॉय मार्केझ द काश्तेल नोव्हू याने शापोऱ्याच्या उत्तर काठावरचा हळर्णचा किल्ला घेतला. पोर्तुगीज दरबाराला या विजयाचे इतके अप्रूप वाटले की व्हाइसरॉयला ‘मार्केझ द आलोर्न’ ही नवी पदवी मिळाली. पेडण्याच्या पूर्व भागातील एका लहानशा गावाचे नाव असे लिस्बनच्या सरदारघराण्याला चिकटले आणि पुढे पोर्तुगालच्या इतिहासात ते मूळ गावापेक्षा प्रसिद्ध झाले. किल्ला नंतर भोसल्यांकडे परत गेला.

महाल कायमचा पोर्तुगिजांकडे आला तो १७८८ साली, तेही लढाईने नव्हे. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात सावंतवाडीच्या तिसऱ्या खेम सावंतांना पोर्तुगिजांची मदत हवी होती, आणि त्या मदतीची किंमत म्हणून जानेवारी १७८८ च्या तहाने पेडणे महाल देण्यात आला. डिचोली, सत्तरी वगैरे भाग त्याआधी काही वर्षे पोर्तुगिजांकडे गेले होते. या सर्व प्रदेशांना मिळून ‘नव्या काबिजादी’ हे नाव पडले.

जुन्या आणि नव्या काबिजादींमधला फरक पेडण्याच्या जडणघडणीत निर्णायक ठरला. जुन्या काबिजादींत, म्हणजे तिसवाडी, बारदेश आणि साष्टीत, सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली आणि मोठ्या प्रमाणावर धर्मांतर झाले. पेडणे हाती येईपर्यंत तो काळ ओसरला होता. नव्या काबिजादींतील लोकांच्या देवस्थानांना, रूढींना आणि वतनांना हात न लावण्याचे धोरण पोर्तुगिजांनी स्वीकारले. १८८० साली गोव्यातील हिंदूंच्या रूढींची संहिताच कायदा म्हणून लागू झाली, आणि १८८६ च्या माझानी नियमांनी देवस्थानांच्या महाजनांचा कारभार बांधून दिला. त्यामुळे शहरातले भगवतीचे देऊळ, गावकऱ्यांचे मान आणि देशप्रभू घराण्याचे वतन, तिन्ही पोर्तुगीज अमलातही आपापल्या जागी राहिले. शहरात सेंट जोसेफ चर्चही आहे, पण त्याची वस्ती बारदेशातल्या गावांप्रमाणे चर्चच्या चौकाभोवती वाढलेली नाही.

देशप्रभू हे महालाचे वतनदार घराणे. पोर्तुगीज राजवटीने त्यांना व्हिश्कोंदी द पेर्नेम ही पदवी दिली. अनेक चौक, अंगणे, देवघर आणि जुन्या पालख्या-शस्त्रांचा संग्रह असलेला त्यांचा वाडा ही गोव्यातील हिंदू जमीनदारी वास्तूंची मोठी खूण मानली जाते. वाड्याची भिंत आणि बाजाराचा रस्ता यांतले अंतर फार नाही. तालुक्यातील जमिनीचा मोठा हिस्सा एका घराण्याच्या नावे असल्यामुळे कूळ आणि भाटकार (जमीनदार) हा प्रश्न पेडण्यात गोव्याच्या इतर भागांपेक्षा अधिक तीव्र राहिला आणि त्याचे कज्जे आजही शहरातल्या कचेरीत चालतात.

पोर्तुगीज काळात कारभाराचा विभाग म्हणजे कोंसेल्य. पेडणे हे एका कोंसेल्यचे ठाणे होते. त्यावर आद्मिनिस्त्रादोर हा अधिकारी असे आणि गावोगावी रेजिदोर. नगर-कारभाराचे काम कामारा मुनिसिपालकडे होते. या संस्थेत लोकप्रतिनिधित्व अगदी मर्यादित होते. रस्ते, बाजार, दिवाबत्ती एवढ्यापुरते तिचे काम असे आणि शेवटचा शब्द नेमलेल्या अधिकाऱ्याचाच. १९१० साली पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर हिंदूंना कायद्याने समान हक्क मिळाले, आणि गोवाभर मराठी शाळा, वाचनालये आणि नाट्यमंडळे उभी राहू लागली. पेडण्यातील शिक्षित वर्ग मात्र त्याआधीपासूनच मुंबईकडे जात होता. मुंबईतले नामवंत वैद्यकतज्ज्ञ आणि प्राच्यविद्यापंडित डॉ. भाऊ दाजी लाड हे याच महालातील मांद्र्याचे.

सीमेवरचा तालुका म्हणून मुक्तिलढ्यात पेडण्याला वेगळे स्थान मिळाले. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवरून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात शिरल्या. पोर्तुगीज शिपायांनी गोळीबार केला, आणि त्यात पंजाबचे कर्नेल सिंग यांच्यासह सत्याग्रही मारले गेले. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक त्याचीच आठवण आहे. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याची एक फळी दोडामार्गाकडून गोव्यात उतरली. पूर्व पेडण्यातल्या गावांना मुक्तीची चाहूल पणजीपेक्षा आधी लागली.

मुक्तीनंतर ग्रामपंचायती १९६२ पासून निवडून येऊ लागल्या. नगर-कारभारासाठी गोवा, दमण व दीव नगरपालिका कायदा १९६८ साली झाला आणि कामारांचा काळ संपला. त्याआधी, १९६७ च्या जनमत कौलात गोवा एकूण ३४,०२१ मतांच्या फरकाने महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या विरोधात गेला. पेडण्याने मात्र विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले. सावंतवाडीशी असलेला नात्यागोत्याचा, बाजाराचा आणि दशावतारी नाटकांचा संबंध पाहता त्यात नवल नव्हते. इथली बोली मालवणीला इतकी जवळची आहे की पेडणेकराने सावंतवाडीच्या बाजारात तोंड उघडले तरी तो परका ठरत नाही. कौलाचा निकाल लागला, प्रश्न मिटला, पण शाळेत आणि वृत्तपत्रांत मराठीचे स्थान तालुक्यात पक्के राहिले.

पेडणे नगरपालिका ही गोव्यातील १३ नगरपालिकांपैकी एक. पणजीची महानगरपालिका वेगळी. पालिकेत दहा प्रभाग आहेत. पाच हजार वस्तीचे दहा भाग केले तर एका प्रभागात सरासरी पाचशे माणसे येतात, आणि मतदार त्याहून कमी. दहा-वीस मतांवर नगरसेवक ठरू शकतो. अशा प्रभागात नगरसेवकाला प्रत्येक घर ठाऊक असते, प्रत्येक घराला नगरसेवकाचे घर ठाऊक असते, आणि गटार तुंबले तर तक्रार अर्जाने न येता दारातून येते. १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पाच वर्षांची मुदत, महिलांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आणि राज्य निवडणूक आयोगाकडून निवडणूक ही चौकट पक्की केली. निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, पॅनेल करून लढवल्या जातात. कोणते पॅनेल कोणाचे हे मात्र गुपित नसते. मार्च २०२१ मध्ये पणजी महानगरपालिकेबरोबर राज्यातील सहा पालिकांची निवडणूक झाली, त्यांत पेडणे होती.

पालिकेच्या इमारतीपेक्षा जास्त गर्दी मामलेदार कचेरीत असते. जमिनीचा एक-चौदाचा उतारा, कूळ-मुंडकार प्रकरणे, म्युटेशन, जातीचा आणि रहिवासाचा दाखला या कामांसाठी तालुक्याच्या कानाकोपऱ्यातून माणूस पेडण्यात येतो. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांनी कसणाऱ्याला आणि भाटात घर करून राहणाऱ्याला संरक्षण दिले, पण ते कागदावर उतरवून घ्यायला मामलेदाराचा निवाडा लागतो, आणि निवाड्याला तारखा लागतात. इब्रामपूरच्या माणसाला रोजच्या बाजाराला दोडामार्ग जवळ पडते. औषध, कपडा, सिमेंट तो तिकडून आणतो. पण राज्य गोवा आणि तालुका पेडणे, म्हणून सरकारी कागद पेडण्याचाच. शहाणा माणूस कचेरीची तारीख शक्यतो गुरुवारी मिळवतो. टोपलीही विकली जाते आणि उताराही मिळतो.

वर्षातून एकदा सगळा तालुका शहरात येतो तो पुनावेला. दसऱ्यापासून कोजागरी पौर्णिमेपर्यंत भगवतीच्या देवळाचा उत्सव चालतो. देवळापुढच्या दीपमाळेजवळचे दगडी हत्ती पाहून परगावचा माणूस आधी थबकतो. पेडण्याचे लोक त्यांच्याकडे न बघता पुढे जातात. रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे या उत्सवात निघतात. तरंग म्हणजे देवतेचे चिन्ह म्हणून उंच काठीला रंगीत लुगडी गुंडाळून सजवलेला स्तंभ. ती धरणारा मानकरी अवसराने, म्हणजे अंगात येऊन, घुमतो. कोजागरीच्या रात्रीची कथा अशी सांगतात. भूतनाथाला एका रात्रीत स्वतःसाठी देऊळ बांधून हवे असते. ते शक्य नसल्यामुळे तो रागावून रानाच्या दिशेने धावत सुटतो, आणि गावकरी त्याच्यामागे धावून, समजूत घालून, देऊळ बांधण्याचे वचन देऊन त्याला परत आणतात. वचन दर वर्षी दिले जाते आणि दर वर्षी तसेच राहते. बाधा झालेल्या माणसांना या रात्री आणण्याची चाल आहे, आणि त्यामुळे पुनावेची ख्याती सीमेपलीकडेही आहे. एका रात्रीसाठी पाच हजारांच्या शहरात कित्येक पटींनी माणसे उतरतात. पाणी, दिवे, वाहनतळ आणि दुसऱ्या दिवशीचा कचरा हे सगळे पालिकेच्या वाट्याला येते.

कोकण रेल्वेच्या इतिहासात पेडण्याचे नाव बोगद्यामुळे आले. सुमारे दीड किलोमीटर लांबीचा हा बोगदा सबंध मार्गातील सर्वांत त्रासदायक कामांपैकी एक ठरला. इथला डोंगर कातळाचा नाही, तो मऊ, पाणी धरणाऱ्या मातीचा आहे. खोदावे तसे वरून ढासळत जाई. कामाला वर्षे लागली आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. मातीने आपला स्वभाव त्यानंतरही सोडला नाही. ऑगस्ट २०२० मध्ये बोगद्याची भिंत कोसळून गाड्या कित्येक दिवस पुणे-मिरज मार्गे वळवाव्या लागल्या, आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी झिरपल्याने पुन्हा वाहतूक थांबली. रेल्वे पेडण्यातून जाते, पण स्थानक बाजाराबाहेर असल्यामुळे बाजार तिच्यामुळे फारसा बदलला नाही. महामार्गाचेही तसेच. मुंबई-गोवा रस्ता मालपेवरून शहराच्या कडेने जातो. लांबच्या गाड्या शहराला न शिवता पुढे निघतात, आणि व्यापाऱ्यांना त्याचे वाईट वाटते, तसे वृद्धांना बरेही वाटते.

मोपाचा विमानतळ मात्र कडेने जाणारा नाही. मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाची पायाभरणी नोव्हेंबर २०१६ मध्ये झाली, उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. त्याच उद्घाटनाच्या दिवशी धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्थाही सुरू झाली. मोपा, वारखंड, कासारवर्णे, उगवे या गावांच्या सड्यावरची जमीन गेली. ज्या सड्यावर काजू आणि गुरे होती तिथे धावपट्टी आली. जमिनीचे भाव चढले, टॅक्सीचे परवाने आणि नोकऱ्या हा गावोगावी चर्चेचा विषय झाला. २०२३ साली सरकारने तालुक्याचा झोनिंग प्लॅन जाहीर केला तेव्हा शेतजमिनी आणि डोंगरउतार बांधकामासाठी मोकळे होतील या भीतीने ग्रामसभांतून इतका विरोध झाला की तो मागे घ्यावा लागला. एरवी पंचायती आणि पालिका आपापल्या हद्दीपुरते बोलतात. या वेळी किनारा, सडा आणि पूर्वेकडचे गाव एका सुरात बोलले, आणि सभा-निवेदनांसाठी जमण्याची जागा अर्थातच पेडणे शहर होती.

शहराला पाणी पुरवण्याची सोय तालुक्याच्या पूर्व भागावर अवलंबून आहे. तालुक्याला पाणी पुरवणारा जलशुद्धीकरण प्रकल्प चांदेलला आहे. तिळारी धरण हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. त्यातला सुमारे तीन चतुर्थांश वाटा गोव्याचा, आणि त्याचे कालवे पेडणे, डिचोली व बारदेशाच्या शेतीला आणि नळांना पाणी देतात. तिळारी नदी दोडामार्गाकडून इब्रामपूर-हसापूरच्या परिसरात गोव्यात शिरते आणि पुढे शापोरा म्हणून समुद्राला मिळते. कालवा फुटला किंवा वीज गेली की चांदेलचे पंप थांबतात, आणि दोन दिवसांत पेडण्याच्या बाजारात टँकर उभा राहतो. त्या दिवशी बाजारवार असला तर सोपोची पावती फाडणाऱ्यालाच आधी विचारले जाते की नळाला पाणी कधी येणार.